खोके न उघडता केलेले परीक्षण

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संग्राह्य व्हिनाइल बाहुल्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. कोणती बाहुली मोजक्याच नगांत निघाली, खोक्यावर कोणते चिकटपत्र असले की किंमत वाढते आणि खोके एकदा उघडले की तिचे मोल कसे घसरते, हे सारे त्यात सविस्तर होते. नव्हते ते एवढेच, की बाहुली कशी आहे. मान सरळ बसली आहे का, रंग कडेबाहेर गेला आहे का, गाडीची चाके फिरतात की नुसती चिकटवलेली आहेत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात या वस्तूचे काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाला लेखकाने हात घातला नाही; आणि खोके बंद ठेवून तो घालता येणारही नव्हता. परीक्षण म्हणून छापलेल्या मजकुराबद्दल माझी ही तक्रार आहे. नुसती तक्रार करून थांबू नये म्हणून माझ्या घरातल्या एका बाहुलीचे आणि तिच्या गाडीचे परीक्षण सोबत लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला कल्पना आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास बाहुलीचा भाग कापावा, गाडीचा ठेवावा, ही विनंती.

हे लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षे साच्यांचे काम केले. दुचाकीचे मडगार्ड, साइड पॅनल, मागच्या दिव्याचे घर असे प्लास्टिकचे भाग ज्या साच्यांतून निघतात ते घडवायचे, दुरुस्त करायचे आणि नव्या साच्यातून निघालेला पहिला नग उजेडाकडे धरून त्यातली खोट काढायची, हे माझे रोजचे काम होते. सुपरहीरो हा माझा प्रांत नाही. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला, तेवढीच माझी त्या जगाशी ओळख. परंतु आमच्या बारा वर्षांच्या नातवाने साठवलेल्या पैशांत मी निम्मी भर घालून गेल्या दिवाळीत आम्ही शहरातल्या एका दुकानातून बॅटमॅनची बाहुली आणि बॅटमोबिल ही तिची गाडी असा जोड आणला. चार हजारांच्या आत बिल झाले. ती गाडी हातात घेतल्यावर एकतीस वर्षांची सवय स्वस्थ बसू देईना. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण एका नगावरून लॉट पास करायचा नसतो आणि रिजेक्टही करायचा नसतो.

आधी मूळ गाडीविषयी लिहितो, कारण ती ठाऊक नसेल तर तिच्या प्रतिकृतीला गुण कशाच्या आधारे द्यायचे? ही बॅटमोबिल १९६६ च्या जानेवारीत अमेरिकेत सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेतली आहे. त्या मालिकेत अॅडम वेस्ट बॅटमॅन होते आणि बर्ट वॉर्ड रॉबिन. गाडी मात्र मालिकेसाठी कोऱ्या कागदावरून तयार झालेली नव्हती. फोर्डच्या लिंकन विभागाने १९५५ साली फ्युचरा नावाची एक प्रदर्शनी मोटार बनवून घेतली होती. तिचे बॉडीकाम इटलीतल्या तुरिन शहरात घिया यांच्या कारखान्यात हाताने झाले आणि त्या काळी तिच्यावर सुमारे अडीच लाख डॉलर खर्ची पडले. जवळजवळ १९ फूट लांब, मोतिया रंगाची, मागे माशाच्या परांसारखे उंच कल्ले आणि प्रत्येक आसनावर बुडबुड्यासारखा वेगळा पारदर्शक घुमट, असे तिचे रूप होते. ती विक्रीसाठी बाजारात कधी आलीच नाही. पुढे ती कॅलिफोर्नियातले मोटार कारागीर जॉर्ज बॅरिस यांच्याकडे आली, आणि तीही एका डॉलरला, अशी कथा सांगतात. मालिकेसाठी गाडी हवी असा निरोप आला तेव्हा हातात जेमतेम तीन आठवडे होते. एवढ्या वेळात नवे बॉडीकाम उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून बॅरिस यांनी पडून असलेली फ्युचराच घेतली आणि पत्र्याचे काम करणाऱ्या बिल कुशेनबेरी या कारागिराकडून तिच्या नाकाला वटवाघळाचा मुखवटा, मागच्या कल्ल्यांना पंखांचा आकार आणि चाकांवरच्या पत्र्याला नवा काप देऊन घेतला. वर काळा रंग आणि प्रत्येक कडेवरून तळपत्या नारिंगी-लाल रंगाची बारीक रेघ.

हीच मूळ गाडी जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लिलावात निघाली आणि ४२ लाख डॉलरांना गेली; लिलावाचे शुल्क धरले तर हा आकडा ४६ लाखांच्या पुढे जातो. आपल्या लेखकाने याची दखल घ्यावी. बॅटमॅनशी संबंधित जी वस्तू एवढ्या मोलाला विकली गेली, ती कापलेली, ठोकलेली, पुन्हा रंगवलेली आणि चित्रीकरणात रस्त्यावर पळवलेली होती. तिचे खोके कोणी जपून ठेवले नव्हते.

आता प्रतिकृती. व्हर्नियरने मोजल्यास आमची गाडी नाकापासून कल्ल्याच्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर भरते. मूळ गाडी पावणेसहा मीटरच्या आसपास होती, म्हणजे लांबीचे प्रमाण साधारण ३२ ला १ असे पडते. याच प्रमाणात बाहुलीचे डोके काढले असते तर ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे झाले असते. प्रत्यक्षात ते पाच सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे माणसाच्या डोक्याशी त्याचे प्रमाण साडेचारला एक असे काहीतरी येते. गाडी एका मापाने घडवली आहे आणि तिचा मालक दुसऱ्याच मापाने. मोठे चौकोनी डोके, वाटोळे काळेभोर डोळे, तोंडाचा पत्ता नाही आणि खाली इवलेसे धड, ही या बाहुल्यांची ठरलेली घडण असते; ती पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात.

मला ती खटकली नाही, आणि त्याचे कारण आमच्या देवघरात आहे. आपल्याकडे घरोघरी खंडोबाचा टाक असतो. दोन बोटांच्या चांदीच्या पत्र्यावर घोडा, घोड्यावर देव, मागे म्हाळसा आणि पायाशी कुत्रा एवढे सारे बसवायचे असते. टाक घडवणारा कारागीर तिथे माप पाळत नाही. तो देवाचा चेहरा आणि डोळे मोठे काढतो, घोडा आखूड करतो, कारण इवल्याशा जागेत देव ओळखू यायचा तर तो डोळ्यांवरूनच येणार. स्वार आणि वाहन एकाच नजरेत भरले पाहिजेत, हा त्या कामातला खरा हिशोब. बाहुलीच्या शिल्पकाराने तोच हिशोब केला आहे. शिवाय गाडी लांबीत जेवढी आखडली आहे तेवढी रुंदीत आखडलेली नाही. ती किंचित फुगीर ठेवली आहे, म्हणून एवढे मोठे डोके वर येऊनही गाडी त्याखाली चिरडल्यासारखी दिसत नाही. हे जमवणे सोपे नाही. ज्याने हे जमवले त्याचे नाव खोक्यावर मी दोनदा शोधले; ते नाही. बॅटमॅनच्या बाबतीत हे नवे नाही म्हणा. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या अंकात हा नायक पहिल्यांदा छापला गेला तेव्हापासून श्रेय एकट्या चित्रकार बॉब केन यांना मिळत राहिले, आणि मुखवट्याचे कान, झगा, करडा पोशाख सुचवणारे लेखक बिल फिंगर यांचे नाव अधिकृतपणे जोडले जायला २०१५ साल उजाडले. तोवर त्यांना जाऊन ४१ वर्षे झाली होती.

बाहुलीचे डोके आणि धड दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बनले आहे, आणि ते डोळ्यांना दिसते. डोक्यावर कुठेही सांध्याची रेघ नाही. ते फिरत्या साच्यात ओतलेले आहे: पातळ व्हिनाइल धातूच्या पोकळ साच्यात घालतात, साचा भट्टीत गोल फिरवतात, आतल्या भिंतीला थर धरून तो शिजतो आणि मग गरम, मऊ असतानाच गळ्याच्या भोकातून ते अख्खे डोके पकडीने ओढून बाहेर काढतात. म्हणूनच मुखवट्याचे दोन टोकदार कान आणि भुवईखालची खोबण एकसंध आली आहे. कडक प्लास्टिकच्या दोन फाळ्यांच्या साच्यातून हा आकार असा अखंड निघाला नसता. धडावर मात्र दोन्ही कुशींतून खाली उतरणारी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ, स्पष्ट आहे. त्यावरून ते इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे बंद साच्यात वितळलेला माल दाबाने भरून केलेले काम, आहे हे कळते. डाव्या काखेत तिथेच नखाएवढा पातळ पापुद्रा सुटला होता, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत किंवा दाब जास्त झाला की माल फटीतून असा बाहेर येतो. तो ब्लेडने कापून टाकायला हवा होता. कारखान्यात तो कोणी कापला नाही, म्हणून मी कापला.

कापलेला पापुद्रा मी फेकला नाही. तांब्याची तार गॅसवर लाल करून त्या पापुद्र्यावर टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, आणि प्लास्टिकमध्ये क्लोरीन म्हणजे बहुधा पीव्हीसी, ज्याला व्हिनाइल म्हणतात. गाडीच्या तळाशी निघालेल्या तुसावर हाच प्रयोग केला तर ज्योत हिरवी झाली नाही. काळा काजळीचा धूर आला आणि एबीएस या कडक प्लास्टिकचा तो ओळखीचा गोडसर उग्र वास आला. म्हणजे बाहुली व्हिनाइलची असली तरी गाडी व्हिनाइलची नाही. खोक्यावर मात्र सरसकट ‘व्हिनाइल’ असे छापले आहे. वाचकांनी हा प्रयोग घरात करू नये. धूर चांगला नसतो, आणि सौभाग्यवतींनी मला ते दोन दिवस ऐकवले. हा फरक मी एवढा ताणून का सांगतो आहे, ते पुढे उन्हाळ्याच्या भागात येईल.

रंगकामात बाहुली कमी पडते. १९६६ च्या बॅटमॅनच्या मुखवट्यावर भुवया आणि नाकाची रेघ रंगाने काढलेली असे, आणि छातीवरचे वटवाघूळ पिवळ्या लंबगोलात असे. हा लंबगोल मूळ चित्रकथांत १९६४ साली आला होता. या दोन्ही खुणा बाहुलीवर आहेत, त्याबद्दल शिल्पकाराला पूर्ण गुण. पण डावी भुवई उजवीपेक्षा अर्धा मिलीमीटर वर छापली गेली आहे. पॅड प्रिंटिंगमध्ये रबरी ठशाखाली नग तिरका बसला की असे होते. त्यामुळे बॅटमॅन सदा कुणाच्या तरी बोलण्यावर शंका घेतल्यासारखा दिसतो. नातवाला तेच आवडले, मला नाही. झग्याखाली, पाठीकडच्या बाजूला करड्या पोशाखावर निळ्या रंगाचा एक फवारा उडालेला आहे. तो खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून कोणत्याही कोनातून दिसणे शक्य नव्हते.

गाडीवर मी जरा जास्त वेळ घालवला, कारण या जोडीत खरा नग तीच आहे. नाकावरचा मुखवटा नेमका उतरला आहे. मागचे कल्ले पंखासारखे बाहेर वळतात तिथे जाडी कमी होत होत टोकाला एक मिलीमीटरच्या खाली येते, आणि तरीही टोकाला माल पूर्ण भरलेला आहे. हे ज्याने साचा घडवला त्याचे कसब. कल्ला जिथे बॉडीला मिळतो तिथे आतून जाडी वाढते, आणि अशा जागी थंड होताना माल आत ओढला जाऊन वर खळगा पडतो, त्याला सिंक मार्क म्हणतात. चकचकीत काळ्या रंगावर तो लपत नाही. मी गाडी ट्यूबलाइटखाली धरून ट्यूबचे प्रतिबिंब कल्ल्यावरून फिरवले. रेघ कुठेही मोडली नाही. दुचाकीच्या साइड पॅनलवर एवढी सरळ रेघ आणायला आम्ही काही वेळा महिनाभर झटलो आहोत.

कडेवरची नारिंगी रेघ बहुतेक ठिकाणी एकसारखी आहे. फक्त पुढच्या चाकाच्या कमानीवर ती जाड होते आणि पुन्हा बारीक होते, जणू काढणाऱ्याने तिथे श्वास घेतला. चालकामागच्या तीन नळ्या, मधल्या कमानीवरचा लाल दिवा, शेपटीकडची जेटची नळी, दारांवरचे लाल वटवाघूळ, सगळे जागच्या जागी आहे. मूळ गाडीच्या मागे वेगात वळण घेण्यासाठी दोन हवाई छत्र्या बांधलेल्या असत. इथे त्या बॉडीतच उठाव देऊन दाखवल्या आहेत, त्या स्वतंत्र असायला हव्या होत्या. पुढची पारदर्शक काच मात्र खरोखर पारदर्शक आहे आणि तिच्यात एकही बुडबुडा नाही. नग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे तळाशीच ठेवले आहेत, वर एकही नाही. साच्याचा आराखडा करणाऱ्याने कुठे दिसेल आणि कुठे नाही याचा विचार केला, एवढे यातून कळते.

चाके फिरतात. परंतु गाडी काचेवर ठेवली तेव्हा पुढचे उजवे चाक काचेला टेकलेच नाही. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या संचातली, पाती एकेक करून सरकवून पाहिली, ०.७ मिलीमीटरची पाती आरपार गेली, ०.८ ची अडली. चार पायांची खाट अंगणात डुगडुगते तशी ही गाडी डुगडुगते. कारण चाकात नाही, तळपट्टीत आहे. नग पुरता थंड होण्याआधी साच्यातून काढला की तो बाहेर येऊन पीळ घेतो, आणि उत्पादन वाढवायचे म्हणून थंड होण्याचे चार सेकंद कापण्याचा मोह प्रत्येक कारखान्याला होतो. तो मला नवा नाही. नऊशे-हजाराच्या गाडीत मी हे सोडून दिले असते. चार हजारांच्या जोडीत चारही चाके जमिनीवर असावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मी गाडी आणि बाहुली घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने वस्तूकडे पाहिलेच नाही, त्याने खोके पाहिले आणि म्हणाला, “काका, सील तुटलं की आम्ही घेत नाही. उघडल्यावर हिला काही किंमत राहत नाही.” मी म्हटले, उघडल्याशिवाय चाक अधांतरी आहे हे मला कळणार कसे? यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते, पण नियम होता. आपल्या लेखाने ज्या समजुतीला खतपाणी घातले आहे ती प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडते, हे मला त्या काउंटरवर कळले. खोके उघडू नये हा दंडक पाळणाऱ्या संग्राहकाला झग्याखालचा फवारा दिसत नाही, काखेतला फ्लॅश दिसत नाही, डुगडुगणारी गाडीही दिसत नाही. ज्याने उघडले त्याला हे सारे दिसते, आणि त्याच क्षणी बदलून मागायचा त्याचा हक्क संपतो. बनवणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था मिळणार नाही.

त्याच दुकानात हा जोड लहान मुलांच्या कप्प्यात, बडबडगीते म्हणणाऱ्या हत्तीशेजारी मांडलेला होता. खोक्यावर मात्र बारीक अक्षरांत ‘१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी’ असे आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, आणि त्या आदेशात खेळणे म्हणजे १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठीची वस्तू. वयाचा आकडा १४ ठेवला की वस्तू संग्राह्य ठरते आणि चिन्हाचा प्रश्न मिटतो. पण मग ती हत्तीशेजारी नको. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी, हे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत आहे. आमच्या खोक्यावर दुकानाचे हाताने लिहिलेले किंमतपत्र होते, यांपैकी बाकी काही नव्हते. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के, तेव्हा किंमत चढणारच. पण ती कोणी चढवली त्याचे नाव तरी खोक्यावर असावे.

राहिला उन्हाळा. पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत तो कधी नसतो आणि मराठवाड्यातल्या वाचकाला तर तोच आधी हवा. एप्रिलअखेर आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला. नातवाने हा जोड वरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीत मांडून ठेवला होता. वर पत्रे, समोर काच आणि दुपारी चार तास ऊन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने हाक मारली. बॅटमॅन पुढे कलला होता आणि त्याचे कपाळ गाडीच्या काचेला टेकले होते, रात्रपाळीहून येणाऱ्या माणसाला बसमध्ये डुलकी लागावी तसे. कारण उघड आहे. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे ते उष्णतेत लवकर नरमते. आणि इथे कंबरेवर पाच सेंटीमीटरच्या डोक्याचा भार. एबीएसच्या गाडीला मात्र काहीही झाले नव्हते.

बाहुली सरळ करणे अवघड नाही. पातेल्यात पाणी गरम करावे, उकळू देऊ नये. बाहुली गाडीतून काढून दोन मिनिटे त्यात धरावी, कंबर हाताने सरळ करावी आणि लगेच माठातल्या गार पाण्यात बुडवून तशीच धरून ठेवावी. आमची पहिल्याच खेपेस सरळ झाली. हेअर ड्रायरने हे करू नये, एका जागी ताप जास्त होऊन रंग फुगतो.

पण बाहुली उचलताना जे दिसले ते जास्त गंभीर आहे. जिथे ती आसनाला टेकलेली होती तिथे आसन चिकट झाले होते आणि काळ्या रंगाची चकाकी जाऊन दोन पुसट डाग उमटले होते. व्हिनाइलमधले ते मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेत बाहेर झिरपते आणि ज्या प्लास्टिकला व्हिनाइल टेकलेले असेल त्यात शिरून त्याला मऊ करते. या प्रकारच्या वस्तूतली रचनेची चूक मला वाटते ती हीच: मालक व्हिनाइलचा, गाडी एबीएसची, आणि दोघांना वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसवायचे. बंद खोक्यातही ते तसेच बसलेले असतात. म्हणजे दहा वर्षे खोके न उघडणाऱ्याची बाहुली आसनाला चिकटून गेली असेल, तर ते त्याला विकत घेणाऱ्याकडून कळेल. मी जुन्या प्लास्टिक फायलीचे आवरण कापून आसनाच्या मापाचा एक तुकडा मधे घातला आहे आणि जोड पूर्वेच्या भिंतीवरच्या लाकडी कपाटात हलवला आहे. तीन महिने झाले, डाग वाढलेले नाहीत.

तेव्हा माझ्या मते गाडी उत्तम आहे, तळपट्टीचा पीळ सोडून. बाहुली मध्यम. दोघे मिळून जेवढे पैसे घेतात तेवढ्याचे आहेत का? गाडी एकटी मिळत असती तर मी तिला अडीच हजार आनंदाने दिले असते. नातवाचे मत वेगळे आहे. त्याच्या दृष्टीने शंका घेणारा बॅटमॅन हाच या खरेदीचा खरा लाभ आहे, आणि गाडी त्याला बसायला मिळाली एवढेच.

आपल्या पुरवणीत मोबाइलचे परीक्षण येते तेव्हा लेखक तो खोक्यातून काढतो, चार्ज करतो, वापरतो. बाहुलीलाही तेवढाच मान द्यावा. पुढचा लेख छापण्यापूर्वी लेखकाला एक सपाट काच आणि फिलर गेज द्यावे. माझ्याकडे जुना गेज संच आहे, ०.०५ ची पाती वाकलेली आहे, बाकी सगळ्या ठीक आहेत. कार्यालयाची वेळ कळवल्यास मी तो आणून देईन.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक)
सिडको, छत्रपती संभाजीनगर